नावाचं कडवं

आयुष्यात मी एकच कॅसेट केली. दहा गाणी, दोन बाजू, एक तास. चाली माझ्या, शब्द दुसऱ्याचे, आवाज तिसऱ्याचा. वडशाच्या पानठेल्यांपासून खाली आलापल्लीच्या पुढपर्यंत ती वाजली आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत त्यातली दोन-तीन गाणी अजून वाजतात. ओळखीचे लोक विचारतात, ते गाणं तुमचंच ना? मी मान हलवतो, पण ती होकाराची की नकाराची हे मलाच कळत नाही. ती कॅसेट कशी झाली आणि ती करताना मी काय केलं, ते एकदा लिहून टाकायचं आहे. इतकी वर्षं टाळलं, कारण जिवावर येत होतं.

मी वडशाचा. अब्बांचं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, नाटक कंपन्यांच्या पेट्या आमच्याकडे यायच्या. भाता फाटलेला, सूर बसलेला, एखादीत उंदराचं बिऱ्हाड. मला पेट्या उघडण्यापेक्षा वाजवण्यात जास्त रस होता, त्यामुळे अब्बा आणि माझं फारसं जमलं नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं सुरू झाली की मी ऑर्गनवर बसायचो. चार महिने या गावाहून त्या गावाला, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत उभारलेल्या मांडवांमधून. लोक मला मास्टर म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. वेगवान बोटांचा म्हणून मी नाव कमावलं होतं. नटीनं गाण्याची ओळ संपवून श्वास घेतला की तेवढ्यात मी दहा-वीस सूर भरून काढायचो. त्यावर शिट्ट्या पडायच्या.

चामोर्शीकडच्या एका गावात मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेनिमित्त, नाटक होतं. सकाळी आम्ही ऑर्गन टेम्पोत चढवत होतो. एक काटकुळा माणूस, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बाजूला उभा राहून बघत होता. तो आलापल्लीचा, मंडईला सासरी आलेला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. मला वाटलं, तारीफ करायला आलाय.

"मास्टर, बोटं लय चालतात तुमची," तो म्हणाला. "मानसाले बोलू बी देत जा थोडं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, मग तुम्ही बोला, मी ऐकतो. चेष्टेनंच म्हटलं होतं. त्यानं खर्रा थुंकला, टेम्पोच्या फाळक्यावर हात ठेवला आणि ताल धरून गाऊ लागला. आवाज घोगरा, सुरात अधूनमधून घसरणारा. पण ओळी अशा होत्या की टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला आणि मी हललो नाही. त्यातलं पालुपद अजून लोकांच्या तोंडी आहे:

"उभा झालो वो माय, आता वाकत नाई मी."

त्याच दिवशी मी त्यांना भाऊ म्हणायला लागलो.

भाऊ आलापल्लीला वनखात्याच्या लाकूड डेपोत मजूर होते. सागाची खोडं ट्रकमधून उतरवायची, त्यांच्या थप्प्या लावायच्या, गोलाई मोजायला टेपचं एक टोक धरायचं. टेपचं दुसरं टोक आणि कागद बाबूच्या हातात असायचा. दिवसभर वाकून काम. म्हणूनच ते पालुपद त्यांना सुचलं असणार, असं मी एकदा म्हणालो, तर ते हसले आणि म्हणाले, पाठ दुखते म्हणून कोणी गाणं करत नाही, पाठ दुखते म्हणून तेल लावते मानूस.

पुढची तीन वर्षं मी सवड मिळाली की आलापल्लीला जायचो. वडशाहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, मग आलापल्ली. गाडी बदलत, आख्खा दिवस मोडायचा. पेटी मांडीवर घेऊन बसलेला मी आणि शेजारी कोंबडी घेऊन बसलेली एखादी बाई. भाऊंचं घर वस्तीच्या टोकाला, विहाराच्या मागे. घरात तिघं: भाऊ, वहिनी आणि भाऊंची म्हातारी आई, जी दिवसभर ओसरीत बसून कोणाशी तरी भांडत असे, समोर कोणी नसलं तरी.

भाऊ लिहीत नसत. सहीपुरतं येत होतं, पण गाणं तोंडानंच करायचे, डेपोत काम करता करता. वहिनी नववीपर्यंत शिकलेल्या, अंगणवाडीत होत्या. संध्याकाळी भाऊ ओट्यावर बसून दिवसभरात जमलेल्या ओळी म्हणायचे आणि वहिनी एका जाड वहीत उतरवून घ्यायच्या. कधी मध्येच थांबून त्या म्हणायच्या, हा शब्द काल तुम्ही वेगळा सांगितला होता. भाऊ म्हणायचे, कालचा ठेव. गाण्याबद्दलचा शेवटचा शब्द घरात वहिनींचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

भाऊंची गाणी करायची रीत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. ते शेवटापासून सुरुवात करायचे. जयंतीच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, अमका म्हणे, तमका सांगे, ही जुनी चाल आहे. बाकीचे लोक गाणं झाल्यावर ते नाव कुठेतरी कोंबतात. भाऊ आधी नावाचं कडवं करायचे. त्यांचं नाव, बापाच्या नावासकट, लांब होतं, ठेच लागावी तसं मध्येच अडखळणारं. ते नाव ज्या ठेक्यात नीट बसेल तोच ठेका पूर्ण गाण्याला. मग त्या कडव्याच्या वर एक, त्याच्या वर एक, असं करत ते पालुपदापर्यंत यायचे. पहिल्यांदा मला हे वेड्यासारखं वाटलं. मी पालुपदाला चाल लावायचो आणि ती पुढे कुठेतरी लंगडायची. मग एक दिवस त्यांनी मला पेटी बंद करायला लावली आणि नुसतं नाव म्हणायला सांगितलं. पंधरा-वीस वेळा. मी म्हटलं आणि पेटी उघडली, आणि चाल आपोआप आली. त्यानंतर दहाही गाण्यांच्या चाली मी अशाच केल्या. त्या चालींचं लोक कौतुक करतात, वेगळ्याच वजनाच्या आहेत म्हणतात. वजन त्यांच्या नावाचं आहे.

मी एकदा विचारलं होतं, की नावाचा एवढा सोस कशाला. मला वाटलं होतं, हसतील. पण ते हसले नाहीत. मग सांगितलं, की त्यांच्या बापाला गावात कधी कोणी पूर्ण नावानं हाक मारली नाही. नाव तोडून, शेवटी हेल काढून, गुराला बोलवावं तसं बोलवायचे. बाप मेला तरी तेच नाव. डेपोत हजेरीपटावर भाऊंचंही तसंच अर्धं नाव होतं, बाबूनं पहिल्या दिवशी जे ऐकलं ते लिहून टाकलेलं, आणि ते बदलायला दोनदा अर्ज करून काही झालं नव्हतं.

"गान्यातच तेवढं माझं नाव पूरं येते, मास्टर," ते म्हणाले. "बाकी कुठी येत नाई."

हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःलाच बऱ्याचदा सांगितलं, की मला एवढं कुठे माहीत होतं.

चौथ्या वर्षी भाऊंचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी खर्ऱ्यावर ढकललं, हळद-दूध झालं, मुलेठी झाली. मग गिळताना दुखायला लागलं आणि मानेला गाठ आली. गडचिरोलीच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. नागपूरला जे सांगायचं ते सांगितलं. गळ्याला शेक द्यायचे, म्हणजे मशीनखाली झोपवून किरण सोडायचे, सहा आठवडे रोज. बरं होईल का, याला कोणी सरळ उत्तर देईना. आवाज मात्र परत येणार नाही, एवढं नक्की सांगितलं.

कॅसेट काढायची ही गोष्ट तेव्हा निघाली. याआधीही मी दोनदा म्हणालो होतो, पण भाऊ उडवून लावायचे. आता त्यांनीच विषय काढला. कानाशी वाकून ऐकावं लागत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की वही वहिनींच्या पत्र्याच्या पेटीत आहे, पण वहीला तोंड नाही. आपण असू-नसू, गाणी माणसांत राहिली पाहिजेत, नावासकट. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही, असंही म्हणाले. वहिनींनी मला वहीतली दहा गाणी स्वतःच्या अक्षरात वेगळ्या कागदांवर उतरवून दिली, एका गाण्याला एक कागद, प्रत्येकात सहा कडवी. सहावं नावाचं.

नागपूरला ओळखीनं एक कॅसेट कंपनीवाला मिळाला. त्याला जयंतीच्या आधी माल बाजारात हवा असायचा, आमची वेळ चुकली होती, पण चाली ऐकून तो तयार झाला. मे महिना होता. स्टुडिओ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखे बंद करायचे आणि मग आत बसलेल्या आम्हा सहा-सात जणांचे सदरे अंगाला चिकटायचे. तबला, ढोलक, बासरी, एक कीबोर्ड आणि माझी पेटी. नागपूरचा एक गायक ठरवला होता, चांगल्या गळ्याचा, महिन्याला दोन-तीन कॅसेट गाणारा. भाऊ त्याच शहरात होते, इस्पितळात, शेकाचा तिसरा आठवडा. ऑटोनं अर्ध्या तासाचा रस्ता. अंतर मी सांगून ठेवतो.

माझा तर पहिल्यांदाच एवढा थाट. आयुष्यभर मांडवात, माइकच्या शिट्टीत, माणसांच्या गलक्यात वाजवलेलं. इथे मी एक सूर दाबला की तो काचेपलीकडच्या खोलीत स्वच्छ ऐकू यायचा. दोन कडव्यांच्या मधे वाद्यांचे जे तुकडे असतात, त्यांना आम्ही पीस म्हणतो, ते मी रात्रंदिवस खपून बांधले होते. बासरी उचलते, पेटी तिला टोकते, मग दोघं मिळून ठेक्यावर येतात. प्रत्येक गाण्यात पाच पीस, पाचही निरनिराळे. बासरीवाला म्हातारा माणूस, सिनेमात वाजवून आलेला. तो म्हणाला, मास्टर, हे काम वडशात बसून केलं? मला आभाळ ठेंगणं झालं.

पहिलं गाणं घड्याळ लावून वाजवलं. सात मिनिटं आणि वर काही सेकंद. कंपनीवाला आत आला. तासाची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं, पाच गाणी. म्हणजे एकेक गाणं सहा मिनिटांत बसलं पाहिजे. दहापेक्षा कमी गाणी असली की दुकानदार हात लावत नाही, असं त्याचं म्हणणं. मोठी कॅसेट त्याला परवडत नव्हती. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, की प्रत्येक गाण्यातून मिनिटभर काढा, काय काढायचं ते तुम्ही ठरवा, चहा येईपर्यंत ठरवा.

एक मिनिट म्हणजे माझ्या पाचपैकी तीन पीस. किंवा एक कडवं.

मी कागद घेऊन जिन्यात जाऊन बसलो. मधलं कडवं काढावं तर अर्थ तुटत होता. भाऊंची कडवी एकमेकांत अडकवलेली असायची. तेवढ्यात गायक विडी ओढायला बाहेर आला. त्यानं कागद पाहिला आणि हसून म्हणाला, शेवटी हे कोणाचं नाव आहे, मी दुसऱ्याचं नाव घेऊन का गाऊ, लोकांना वाटेल तेच माझं नाव. तो सहज बोलला. त्याला एक शब्द बोलून गप्प करता आलं असतं. पण मला तेच हवं होतं. मी मनात म्हणालो, बरोबर आहे, गायकालाच अडचण आहे. आणि नाव तर कॅसेटच्या कार्डावर छापून येणारच आहे, गीतकार म्हणून, पूर्ण नाव. उलट तिथे कायमचं राहील. हे सगळं पाच मिनिटांत माझ्या डोक्यात इतकं नीट जुळून आलं की मला शंकाही आली नाही. मी दहाही कागदांवरचं सहावं कडवं पेनानं आडवी रेघ मारून काढून टाकलं.

पीस सगळे राहिले. पाचव्या कडव्यानंतरचा पीस तर मी गाण्याच्या शेवटी लावला, उठावदार व्हावा म्हणून.

ऑटोनं अर्धा तास. मी गेलो नाही. काम संपल्यावर, दोन दिवसांनी गेलो, तेव्हा भाऊ झोपले होते. मी वहिनींना सांगितलं, फार छान झालं. कडव्यांचं बोललो नाही. आजारी माणसाला कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी शेपूट घातलं होतं.

पावसाळा लागता लागता कॅसेट आली. भाऊ तोवर घरी आले होते. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी, अंगावर मांस नाही, बोलणं म्हणजे नुसती हवा. मी पहिल्या दहा कॅसेट पिशवीत घालून आलापल्लीला गेलो. शेजारून टेप आणला. दुपारची वेळ. म्हातारीलाही आत आणून बसवलं. वहिनींनी पेटीतून वही काढली आणि मांडीवर उघडली. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की त्या वही काढतील.

पहिलं गाणं सुरू झालं. वहिनी ओळींवरून बोट फिरवत होत्या, अंगणवाडीतल्या मुलांना वाचून दाखवतात तसं. भाऊंनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते, प्रत्येक शब्द गायकाच्या जरा आधी त्यांच्या ओठांवर यायचा. पाचवं कडवं झालं. बासरी उचलली, पेटीनं टोकलं. भाऊंचे ओठ सहाव्या कडव्यासाठी उघडले. पीस संपला, तीन सेकंद शांतता गेली आणि दुसरं गाणं सुरू झालं.

वहिनींचं बोट सहाव्या कडव्यावर थांबलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेपकडे पाहत बसलो.

दुसऱ्या गाण्यालाही भाऊंचे ओठ उघडले. तिसऱ्याला नाही. पण त्यांनी टेप बंद करा असं म्हटलं नाही. दोन्ही बाजू, पूर्ण तास, त्यांनी ऐकलं. कॅसेट मीच उठून उलटली. एवढा लांब तास मी पुन्हा कधी काढला नाही. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, सगळ्याच गान्याचं शेवटचं राह्यलं. मी घाईघाईनं कार्ड काढून दाखवलं. कंपनीवाला, वेळ, तीस मिनिटं, सगळं सांगितलं. पीसचं सांगितलं नाही. ते सांगायची गरजही नव्हती, पीस सगळ्यांनी ऐकलेच होते. वहिनींनी कार्डावरचं नाव वाचलं. बरोबर होतं, पूर्ण होतं, मुंगीएवढ्या अक्षरात.

भाऊंनी मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पेटी चांगली वाजली, मास्टर," ते म्हणाले.

ते टोमण्यानं म्हणाले की खरंच, हे मी इतकी वर्षं विचार करूनही ठरवू शकलो नाही. त्यांच्या आवाजात आता तेवढा फरक उरलाच नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या जयंतीला कॅसेट उचलली गेली. "उभा झालो वो माय" तर गडचिरोलीपासून चंद्रपूरच्या खाणींच्या वस्त्यांपर्यंत वाजू लागलं. पण लोक कॅसेट विकत घेत नव्हते, दुकानातून भरून घेत होते. कोरी कॅसेट द्यायची, दुकानदार दहा ठिकाणची गाणी त्यात उतरवून द्यायचा. तिला कार्ड कुठून असणार? आणि भोंग्यावर वाजणाऱ्या गाण्याचं कार्ड कोण बघतं? गाणं सगळीकडे गेलं आणि नाव दुकानाच्या काचेमागे राहिलं. गायकाला लोक ओळखू लागले. मलाही. दोन नाटक कंपन्यांनी मला बोलावून घेतलं. मी काही दिवस भावही खाल्ला, खोटं कशाला बोलू.

अब्बांनी ती कॅसेट दुकानात एकदाच लावली. ते कव्वालीचे शौकीन. कव्वालीतही शेवटच्या शेरात शायराचं नाव येतं, त्याला मक्ता म्हणतात, आणि मक्ता आला की अब्बा हातातलं काम ठेवून मान डोलवायचे. त्यांनी पहिली तीन गाणी ऐकली, हातातली सुरी खाली ठेवून. मग विचारलं, "मक्ता कहां गया?" मी म्हटलं, वेळेत बसत नव्हता. ते म्हणाले, बाजा तर बसला. मी चिडलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या पेट्यांचे भाते चिकटवणाऱ्यानं मला शिकवू नये, असलं काहीतरी बोललो. ते पुन्हा कामाला लागले. त्या बोलण्याचीही मला आज लाज वाटते, पण ती वेगळी.

मी ठरवलं होतं, की दुसरी कॅसेट काढू आणि त्यात नावाची कडवी घालू. असं आपण ठरवतोच. कॅसेट ऐकली त्या पावसाळ्यानंतर भाऊ दीड-पावणेदोन वर्षं होते. मी दोनदाच गेलो. दोन्ही वेळा गाण्याचा विषय निघाला नाही. ते पाटीवर लिहून बोलायला शिकले होते, वहिनींनी अंगणवाडीतली एक पाटी आणून दिली होती. मोठी, वाकडी अक्षरं. जेवलात का? गाडी कितीची? एवढंच.

ते गेल्याचा निरोप सकाळी आला. पोचेपर्यंत तिसरा प्रहर झाला होता, माझ्यासाठी नव्हे, पण नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी थांबले होते. डेपोतले मजूर आले होते, वस्ती लोटली होती. विहारात वंदना झाली आणि यात्रा निघाली. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, फाल्गुनातली, पानं झडलेली, पायाखाली चुरचुर आवाज. चालता चालता कोणीतरी गाणं उचललं. त्यांचंच. शे-दोनशे माणसं गाऊ लागली, ज्याचं गाणं त्याला खांद्यावर घेऊन. "उभा झालो वो माय, आता वाकत नाई मी." मी खांद्याला होतो. मला रडू कोसळलं, आणि त्या रडण्यात, आता हे सांगायलाच हवं, थोडा अभिमानही होता, की चाल माझी आहे.

लोकांना पाचही कडवी पाठ होती, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दोन कडव्यांमधे काहीजण तोंडानं बासरीचा पीससुद्धा म्हणत होते. पाचवं कडवं झालं. मला वाटलं, आता. निदान आज, निदान त्यांच्या वस्तीत कोणाला तरी येत असेल. भाऊ इथेच तर गायचे. मला ते कडवं येत होतं, दहापैकी तेवढं एक. मी तोंड उघडलं. पण पहिला शब्द उमटेना, आणि तीन पावलं होतात न होतात तोच समोरच्यांनी दुसरं गाणं उचललं होतं. कॅसेटवर पुढचं जे आहे तेच. भाऊ त्या क्रमानं कधी गायले नव्हते. तो क्रम मी लावला होता.

त्यांचं नाव त्या रस्त्यावर कोणी घेतलं नाही. माझ्या मागे डेपोतले दोघं चालत होते, ते आपसांत बोलताना भाऊंचा उल्लेख त्या अर्ध्या, हेल काढलेल्या नावानंच करत होते, अगदी मायेनं.

पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी असेल, एकानं तीच गाणी सीडीवर काढायची तयारी दाखवली. सीडीत वेळेची अडचण नव्हती. मी म्हटलं, पुन्हा गाऊन घेऊ, सहाही कडव्यांनिशी, पीस नसले तरी चालतील. मला इतकं हलकं वाटलं की मी दुसऱ्याच दिवशी आलापल्लीची गाडी धरली. वहिनींनी उतरवून दिलेले कागद स्टुडिओतच राहिले होते, त्यामुळे वही हवी होती.

म्हातारी केव्हाच गेली होती. वहिनी एकट्या होत्या, केस पांढरे, चष्मा. चहा झाला. मी सगळं सांगितलं. या वेळी पीसचंही सांगितलं, की ती निवड माझी होती, गायकाची नव्हती, कंपनीवाल्याची नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठल्या, पेटीतून वही आणली आणि मला वाचून दाखवू लागल्या. फक्त सहावी कडवी, एकामागून एक, दहाही. गाऊन नाही, नुसतं वाचून, बोट ओळीवर ठेवून. दहा वेळा भाऊंचं पूर्ण नाव त्या खोलीत उच्चारलं गेलं.

मी म्हटलं, वहिनी, उतरवून घेऊ का?

त्यांनी वही मिटली. "नाई," त्या म्हणाल्या. "तुमी आयकलं, बस झालं. आता कोनाकडून गाऊन बी घेऊ नका न् कुठी लिहू बी नका. ज्या दिवशी त्याहिले पाह्यजे होतं, त्या दिवशी तुमच्यापाशी जागा नोती."

त्या रागानं बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी हातापाया पडलो असतो. त्यांनी वही फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि विचारलं, जेवून जाता का. मी जेवलो. वरण-भात होता, मेथीची भाजी होती. ताटात काही टाकायची हिंमत झाली नाही.

सीडी मी होऊ दिली नाही. मला जे एक कडवं येत होतं ते मी अजूनही अधूनमधून पेटीवर बसून म्हणतो, दार लावून.

हे लिहायला घेतलं तेव्हा वहिनींना फोन केला. म्हटलं, वहिनी, गाणं नाही, कडवं नाही, भाऊंचं नुसतं नाव लिहू द्या. पूर्ण नाव, एकदाच. त्या म्हणाल्या, "नाई, मास्टर."

म्हणून एवढ्या पानांत त्यांचं नाव कुठेच नाही. या वेळी माझ्यापाशी जागा भरपूर होती.